विंडोज १०चा आधार संपलेला लॅपटॉप आणि श्रीलिपीतील जुना मजकूर : मदत हवी आहे

नमस्कार. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षा अपडेट देणे, थांबवले. माझा २०१७ साली घेतलेला लॅपटॉप अजून चालतो, परंतु तो विंडोज ११च्या अटींत बसत नाही. याच लॅपटॉपमध्ये सुधारणा करून तो आणखी काही वर्षे वापरावा, नवा घ्यावा, की विंडोजऐवजी लिनक्स या विनामूल्य प्रणालीकडे वळावे, याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. हा निर्णय मला सहज घेता येत नाही, कारण त्याच्याशी अनेक वर्षे श्रीलिपी या देवनागरी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टंकलेला मजकूर बांधलेला आहे.

आधी यंत्राची माहिती देते. प्रोसेसर इंटेलचा आय५-७२००यू, म्हणजे सातव्या पिढीचा आहे. रॅम ८ जीबी, साधी फिरती हार्ड डिस्क १ टीबीची आणि प्रणाली विंडोज १० होम, आवृत्ती २२एच२. मायक्रोसॉफ्टच्या तपासणी कार्यक्रमानुसार विंडोज ११ला लागणाऱ्या सुरक्षेच्या दोन सोयी, टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट, यात आहेत. अडते ते केवळ प्रोसेसरपाशी, कारण इंटेलच्या बाबतीत काही मोजके अपवाद वगळता आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर त्यांच्या यादीत आहेत. लॅपटॉप सुरू व्हायला वेळ घेतो, पण एकदा सुरू झाला की लेखन, ईमेल आणि बँकेची कामे यांत अडचण येत नाही.

आता मजकुराविषयी. मी निवृत्त शिक्षिका आहे. वाई आणि जावळी तालुक्यांतील स्त्रियांकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या मी नोकरीत असल्यापासून टिपत आले आणि नंतर संगणकावर उतरवत गेले. प्रत्येक ओवीसोबत गाव, सांगणारीचे माहेर, ओवी कोणत्या प्रसंगी म्हटली जाते आणि त्याच ओवीचे दुसऱ्या गावातले पाठभेद अशी नोंद आहे. सांगणाऱ्यांपैकी कित्येक जणी आज हयात नाहीत, त्यामुळे यातले काही गमावले तर ते पुन्हा गोळा करता येणार नाही. या नोंदी वर्डच्या फाइलींमध्ये आहेत. नंतरचा थोडा भाग युनिकोडमध्ये, म्हणजे विशिष्ट फॉन्टवर अवलंबून नसलेल्या प्रमाण पद्धतीत आहे, मात्र बहुतांश मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये आहे, आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की देवनागरीऐवजी अर्थहीन रोमन अक्षरे व चिन्हे दिसतात. माझ्याकडची श्रीलिपीची आवृत्ती यूएसबीत लावायच्या हार्डवेअर लॉकवर चालते, म्हणजे ते छोटे उपकरण लावल्याशिवाय ती सुरू होत नाही.

गावातल्या एका दुकानदाराने प्रोसेसरची अट टाळून विंडोज ११ बसवून देण्याची तयारी दाखवली. तसे करता येते हे मला ठाऊक आहे, परंतु अशा यंत्रांना अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि सुरक्षेसाठीच बदल करायचा असताना बिनहमीची वाट धरणे मला पटत नाही. दुसरा मार्ग विस्तारित सुरक्षा अपडेटचा, म्हणजे आधार संपल्यावरही काही काळ सुरक्षा अपडेट घेण्याचा आहे. घरगुती वापरकर्त्यांसाठी ही योजना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत असून ३० डॉलर भरून, मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १,००० गुण देऊन किंवा संगणकाच्या सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून विनामूल्य, अशा तीन प्रकारे ती घेता येते, असे वाचले. तिसरा मार्ग लिनक्स मिंटचा, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकाराचा. भाचा ते वापरतो आणि समाधानी आहे. मी इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कळफलकावर टंकते, त्यामुळे टंकलेखनाची धास्ती नाही, पण श्रीलिपीचा लॉक तिथे चालणार नाही, असे तोच म्हणाला.

मला पुढील बाबी समजून घ्यायच्या आहेत. या लॅपटॉपवर खर्च करणे योग्य आहे का, आणि असल्यास आधी काय बदलावे? विस्तारित अपडेटची मुदत संपेपर्यंत बँकेचे व्यवहार यावर करत राहण्यास हरकत आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जुना मजकूर युनिकोडमध्ये आणताना ओव्यांतील बोलीची रूपे बिघडू नयेत यासाठी कोणती काळजी घ्यावी? रूपांतर करणारी साधने आहेत हे माहीत आहे. ज्यांनी मोठ्या प्रमाणावर हे काम केले आहे त्यांचा अनुभव ऐकायचा आहे.

पहिला प्रतिसाद

ताई, तुमच्या वर्णनातली सर्वांत नाजूक वस्तू प्रणाली नसून ती २०१७ची हार्ड डिस्क आहे. विंडोज १० आधार संपल्यावरही चालू राहते. फिरती डिस्क मात्र पूर्वसूचना न देता बंद पडू शकते. त्यामुळे इतर कोणताही विचार करण्याआधी सर्व फाइली, श्रीलिपीचे फॉन्ट आणि तिची इन्स्टॉल करायची सीडी असल्यास तिचीही प्रत दोन वेगळ्या बाह्य डिस्कवर घ्या आणि त्यांपैकी एक दुसऱ्या घरी ठेवा. प्रत घेतली म्हणजे झाले, असे मानू नका. दुसऱ्या संगणकावर काही फाइली उघडून पाहा. अक्षरे वाचता आली नाहीत तरी फाइल पूर्ण उघडते की नाही, हे कळेल.

त्यानंतर एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. याच पिढीच्या यंत्रांत हा एक बदल केला की ती सुरू होण्याचा वेळ इतका कमी होतो की नव्या लॅपटॉपची निकड उरत नाही. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत एसएसडीवर उतरवून घ्या, म्हणजे श्रीलिपी पुन्हा बसवावी लागणार नाही आणि विंडोजचा परवानाही कायम राहील. काढलेली डिस्क पुसू नका, दुकानातही ठेवू नका. ८ जीबी रॅम तुमच्या कामाला पुरेशी आहे.

विस्तारित अपडेटसाठी नोंदणी आजच करा. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो, मात्र त्यासाठी मायक्रोसॉफ्ट खाते लागते. विनामूल्य पर्यायात सेटिंग्ज खात्याशी जोडाव्या लागतात. तुमच्या ओव्यांच्या फाइली ढगावर (इंटरनेटवरील साठ्यात) चढवण्याची सक्ती नाही. नोंदणी आणि अद्ययावत ब्राउझर असेल तर या मुदतीत बँकेची कामे करण्यास मी हरकत घेणार नाही. विंडोजमधल्या डिफेंडर या विषाणूरोधकाच्या विषाणूव्याख्या ऑक्टोबर २०२८पर्यंत मिळणार आहेत, पण त्यावर विसंबून मुदतीनंतरही बँक वापरू नका. प्रणालीतच राहिलेली भोके त्या व्याख्यांनी बुजत नाहीत.

नवा लॅपटॉप घेतलात तरी श्रीलिपीचा प्रश्न सुटेलच असे नाही. विंडोज ११ मध्ये मेमरी इंटेग्रिटी हे संरक्षण चालू असले तर जुन्या हार्डवेअर लॉकचे ड्रायव्हर (तो लॉक चालवणारे छोटे प्रोग्राम) अडवले जाऊ शकतात, आणि त्यासाठी ते संरक्षण बंद ठेवणे हा चांगला तोडगा नाही.

दुसरा प्रतिसाद

मी एका नियतकालिकाचे जुने अंक युनिकोडमध्ये आणण्याचे काम केले आहे, त्यामुळे फक्त रूपांतराविषयी लिहितो. श्रीलिपी अजून चालू आहे तोवर पहिले काम हे करा, की प्रत्येक फाइलची पीडीएफ काढून ठेवा. छपाईच्या यादीत विंडोज १०ची स्वतःची पीडीएफची सोय आहे. अशा पीडीएफमध्ये अक्षरांची मूळ आकृती टिकते, आणि रूपांतरानंतर मुद्रितशोधन करताना ताडून पाहण्यासाठी तीच तुमची मूळ प्रत ठरते. पीडीएफ दुसऱ्या संगणकावर उघडून खात्री केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व इकार दिसतो त्याच क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या आधी साठवलेला असतो. युनिकोडमध्ये तो व्यंजनानंतर येतो. रफाराचा क्रम याच्या उलट बदलतो. त्यामुळे जोडाक्षराला लागलेला इकार किंवा रफार चुकीच्या अक्षरावर सरकण्याची शक्यता अधिक असते. दुसरी जागा ‘सासऱ्या’, ‘नवऱ्या’ अशा शब्दांतल्या अर्ध्या र ची. ओव्यांत हे शब्द पावलोपावली येतील आणि तिथे साधा रफार होऊन बसतो. वर्डच्या फाइलीत मध्येच इंग्रजी शब्द किंवा आकडे दुसऱ्या फॉन्टमध्ये असतील, तर फॉन्ट ओळखून केवळ श्रीलिपीचाच भाग बदलणारे साधन घ्या. मजकूर नुसता चिकटवून रूपांतर केलेत तर फॉन्टची माहिती नाहीशी होते आणि इंग्रजीचेही रूपांतर होऊन जाते.

शुद्धलेखन तपासणारे साधन मात्र या कामात बंद ठेवा. ते बोलीतली रूपे चुकीची समजून प्रमाण रूपे सुचवेल, आणि थकल्या डोळ्यांनी एखादी सूचना स्वीकारली जाईल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. डिस्कचा धोका प्रणालीपेक्षा मोठा आहे, हे मला इतक्या स्पष्टपणे कोणी सांगितले नव्हते. दोन प्रती आजच घेते. एक वाईला बहिणीकडे राहील. नोंदणी करून एसएसडी बसवते, आणि मुदतीच्या आत जुन्या फाइलींच्या पीडीएफ व रूपांतर पूर्ण करण्याचा प्रयत्न करते. ते झाले की श्रीलिपीची गरज उरणार नाही, म्हणून त्यानंतर याच लॅपटॉपवर लिनक्स मिंट बसवावे असा विचार आहे. मिंटची २२वी मालिका २०२९पर्यंत आधार असलेली आहे, असे भाच्याने सांगितले. तो पेनड्राइव्हवरून मिंट चालवून वायफाय आणि छपाईयंत्र आधी तपासून देणार आहे.

एक शंका राहते. पाठभेद दाखवण्यासाठी मी वर्डमध्ये तळटीपा वापरल्या आहेत. फॉन्ट ओळखून रूपांतर करणारी साधने तळटीपांमधला मजकूरही बदलतात का, की तळटीपा वेगळ्या काढून घ्याव्या लागतात? ज्यांनी हे केले आहे त्यांनी कृपया सांगावे; रूपांतराला हात घालण्यापूर्वी मी उत्तराची वाट पाहीन.