अनुभव धागा: उन्हाळ्यातलं राखीव जंगल – जाळरेषा, पाणवठे, गस्त

ताडोबा, मेळघाट, पेंच, बोर. सफारीच्या फोटोंचे धागे उदंड झालेत. इथे फक्त कामाचं लिहा: काय करतात, किती करतात, कुठे फसतं. वाघ दिसला की नाही हे दुसरीकडे.

ऐनसाल
विदर्भातल्या पानगळीच्या जंगलात जाळरेषेपासूनच सुरुवात होते, म्हणजे आग पलीकडे जाऊ नये म्हणून गवत-पाला आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा. आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात, म्हणजे रेषा त्याआधी जळून साफ व्हायला हवी. रेषेच्या दोन्ही कडांना मीटर-दीड मीटरचा पट्टा माती दिसेपर्यंत खरवडायचा आणि पाला आत ओढायचा. मधलं गवत कापून आठ-दहा दिवस तिथंच वाळू द्यायचं, मग जाळायचं. पहाटे जाळायचा मोह होतो, पण दवानं गवत अर्धवट जळतं आणि तीच खुंटं मार्चमध्ये आग पलीकडे नेतात. ऊन उतरल्यावर, वारा पडल्यावर पेटवावं. उतारावर वरून खाली यायचं. खालून लावलेली आग चढावर धावते, माणूस मागे राहतो.

वठलेलं झाड रेषेलगत असेल तर बुंध्याभोवतीचा पाला दोन-तीन हात काढावा. एकदा पेटलं की आतून दोन-दोन दिवस धुमसतं आणि कोसळताना रेषेच्या पलीकडे पडतं. ‘तोडूनच टाका’ म्हणू नका, ढोलीत पिंगळे असतात.

मोहटोळ
वरच्यात भर. सागाच्या पट्ट्यात रेषा एकदा साफ करून भागत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये उरलीसुरली पानं गळतात आणि साफ रेषेवर पुन्हा चादर पसरते. दर आठ दिवसांनी ब्लोअर (पाला उडवणारं यंत्र) फिरवावा लागतो. ब्लोअरनं पाला एकाच कडेला ढिगानं साचवू नये. ढीग पेटला की ज्वाळ डोक्याच्या वर जाते आणि ठिणगी रेषा ओलांडते.

उपग्रहाचा इशारा मोबाइलवर येतो, तो आगीच्या नेमक्या जागेचा नसतो. तो ठिपका म्हणजे साधारण ३७५ मीटरचा चौकोन, आणि इशारा येईपर्यंत काही तास उलटलेले असतात. टेकडीवरच्या मचाणावर बसलेल्या माणसाला धूर आधी दिसतो.

मोहफुलांच्या दिवसांत झाडाखालचा पाला जाळतात, तिथून बरेच वणवे निघतात. नुसती बंदी घालून उपयोग नाही. झाडाखाली जाळी अंथरली की फुलं स्वच्छ मिळतात, मग पेटवायची गरजच उरत नाही.

झिरा
पाणवठे. बशीसारखा उथळ गोल सगळ्यात चांगला: व्यास पाच मीटर, मध्ये खोली दीड-दोन फूट, कडा हळूहळू उतरती. जुन्या उभ्या भिंतींच्या टाक्यांत मुंगूस, पिल्लं, सरडे बुडून मरतात. टाकी बदलता येत नसेल तर एका कोपऱ्यात दगड रचून पाण्याबाहेर येणारा उतार करा आणि एक वाळकी फांदी तरंगत सोडा. मधमाश्या तिच्यावर बसून पाणी पितात.

मे महिन्यात बाष्पीभवनानं पातळी दिवसाला सेंटिमीटरभर सहज उतरते. पाच मीटरच्या बशीत ते जवळपास २०० लिटर झालं, जनावरं प्यायली ते वेगळं. टँकरचं गणित इथेच चुकतं. सौर पंप असेल तर केबल लोखंडी पाइपातून न्या, नाहीतर उंदीर कुरतडतात. पॅनेलवरची धूळ आठवड्यातून एकदा पुसली नाही तर पंप धापा टाकतो. वाहून जाणारं पाणी चर काढून दहा-पंधरा फूट लांब सोडा. तिथं लोळण तयार होते, डुकरं आणि सांबर तिकडे जातात आणि बशी गढूळ होत नाही. पंधरा दिवसांनी शेवाळ खरवडायचं, ब्लीचिंग पावडर टाकायची नाही, दोघांनी मिळूनच जायचं.

कुसळ
किंचित विरोध. जागोजागी बशा ओतणं म्हणजे संवर्धन नव्हे. पाण्याभोवती चितळांचा मुक्काम वाढतो, गवताचं मूळसुद्धा शिल्लक राहत नाही, आणि मोकळ्या पडलेल्या जमिनीवर तरोटा आणि रानतुळस माजते. आधी नाल्यातले जुने झिरे, म्हणजे वाळूत खणलेले पाण्याचे खड्डे, उपसा. काठावर जांभूळ, उंबर, करंज हिरवेगार दिसतील तिथे, वळणाच्या बाहेरच्या अंगाला, दोन-तीन फूट वाळू काढली की बहुतेक वेळा पाणी लागतं. एक बाजू उतरती ठेवा. कडा खचते, म्हणून आठवड्याला पुन्हा उपसावं लागतं, पण डिझेल लागत नाही.

झिरा
@कुसळ, मान्य. मात्र बेसाल्टच्या उघड्या पठारावर झिरे मिळत नाहीत, तिथे बशीच.

गस्त_बीट
पाणी जितकं कमी जागी, तितकी पाण्यात विष कालवणाऱ्या शिकाऱ्याची सोय. पाणवठ्यावर गेल्यावर आधी काठ बघा: मेलेले बेडूक, मासे, किडे, पक्षी. मुख्य पाण्याशेजारी कुणी ताजा छोटा खड्डा करून पाणी भरलंय का? लिटमस कागद सोबत असावा, पण त्याच्यावर विसंबू नये. बऱ्याच कीटकनाशकांनी कागदाचा रंग बदलतच नाही. शंका आली तर बाटलीत नमुना घ्या, काट्यांनी पाणवठा बंद करा आणि मगच उपसा. उपसलेलं पाणी नाल्यात सोडू नका.

वाटेवरच्या फाशांसाठी डोळे गुडघ्याच्या उंचीवर ठेवून चालायचं. क्लचची तार झुडपाच्या बुडाशी बांधलेली असते आणि दोन्ही बाजूंना काट्यांचा कूड करून जनावराला तिथूनच जायला लावतात. ११ केव्ही विजेची लाइन जंगलाच्या कडेनं जात असेल तर शिकारी तिच्यावर तार टाकून जनावर मारतात, म्हणून रात्रीच्या ट्रिपिंगची (लाइन आपोआप बंद पडण्याची) वेळ रोज उपकेंद्रातून विचारून घ्या. वादळ नसताना लाइन ट्रिप झाली तर पहाटे त्या खांबांखालून फिरा. मात्र जमिनीवर तार दिसली, तर पुरवठा बंद झाल्याचं फोनवर पक्कं होईपर्यंत निदान दहा मीटर लांबच थांबा.