जबड्याच्या सांध्याच्या दुखण्यावर कायरोप्रॅक्टिक उपचार घ्यावेत का?

अबोली:
जांभई दिली की कानापुढे कट्ट आवाज येतो. सकाळी जबडा जड, कानशिलं ठणकतात, मान आखडलेली. कान तपासून घेतला, त्यात काही नाही. दंतवैद्य म्हणाले, जबड्याचा सांधा (टीएमजे). एकांनी कायरोप्रॅक्टर (हाताने मणके, सांधे हलवून उपचार करणारे) सुचवलाय. मान कडकन फिरवतात, त्याचीच धास्ती वाटते. कोणी घेतलेत का हे उपचार?

रानवारा:
मी घेतले, आणि बराच आराम पडला. पण माझी मान कोणी फिरवली नाही. हातमोजा घालून गालाच्या आतून चावण्याचा स्नायू चिमटीत धरतात आणि गाठ सैल होईपर्यंत दाबून ठेवतात. पहिल्यांदा डोळ्यांतून पाणी आलं, खरं सांगते. नंतर मात्र तोंड उघडणं हलकं झालं. नुसत्या आवाजाची काळजी करू नका. सांध्यातली चकती पुढे सरकलेली असली की तोंड उघडताना ती जागेवर येते, तो आवाज. दुखत नसेल तर त्याला इलाजही लागत नाही. तुमचं दुखणं सकाळी जास्त आहे, म्हणजे झोपेत दात आवळले जात असतील. तेही दंतवैद्यांना विचारा.

कवडसा:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात 2023 साली मार्गदर्शक सूचना आल्या. त्यात जबड्याचे व्यायाम, हाताने सांधा सैल करणं, स्नायूंच्या गाठी दाबणं आणि मानसोपचारातली सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी पद्धत) यांची ठाम शिफारस आहे. दात कानसून त्यांची चावण्याची ठेवण कायमची बदलणाऱ्या उपायांच्या फंदात मात्र पडू नका. मानेला झटका देऊ नका, असं पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा. क्वचित का होईना, त्याने मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत, आणि जबड्यासाठी त्या झटक्याची गरजही नसते. चांगला माणूस तुमचं ऐकेल. नाही ऐकलं तर उठून या.
आणखी एक. वय पन्नाशीपुढे असेल, कानशील नव्याने दुखू लागलं असेल, चावताना जबडा भरून येत असेल किंवा नजर अंधुक होत असेल तर मालीश नको, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. चालताना, जिना चढताना जबडा दुखत असेल तर हृदय तपासायलाच हवं.

अबोली:
वय पस्तीस, चढताना काही होत नाही. तोवर घरी काय करू?

रानवारा:
मऊ खा, च्युइंगगम बंद, शेक घ्या. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. मोबाइल हातात घेतला की आधी दात आवळलेत का बघायचं, मला त्याचीच सवय लागली.