मारणाऱ्या नवऱ्याची ओढ सुटत नाही, घरच्यांनी काय करावं?

कोथरूडची_ताई:
धाकटी मावसबहीण वाकडचं घर सोडून आमच्याकडे आली आहे. मारहाण, पगार काढून घेणं, माहेरी फोनसुद्धा करू न देणं, सगळं झालंय. शिकलेली आहे, आयटीत नोकरी चालू आहे, मूलबाळ नाही. तरी रात्र झाली की "तो जेवला नसेल" सुरू होतं. मार आठवत नाही, त्याने महाबळेश्वरला नेलं होतं ते आठवतं. आम्ही समजावून थकलो. ही ओढ का सुटत नाही आणि किती दिवस टिकते?

पर्वतीपायथा:
ताई, समजावणं आधी थांबवा. तुम्ही त्याला नावं ठेवलीत की ती त्याची वकिली करणार, आणि दर वेळी तिची बाजू तिलाच जास्त पटत जाणार.

अशी ओढ दोन गोष्टींतून तयार होते. एकाच्या हातात सगळी सत्ता, आणि त्रासाच्या मध्येमध्ये कधी येईल ते सांगता न येणारी माया. डटन आणि पेंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये ही मांडणी केली. मार थांबला की शरीराला हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणं मारणाऱ्याच्याच नावावर जमा होतं. शिवाय रोज मिळणारी गोष्ट बंद झाली की माणूस लवकर नाद सोडतो, पण अवचित मिळणारीची वाट बघतच राहतो. त्यामुळे तो सतत वाईट वागला असता तर सुटणं सोपं गेलं असतं. महाबळेश्वर आठवतं ते म्हणूनच. शिक्षणाचा इथे काही संबंध नाही.

किती दिवस? याच दोघांनी १९९३ मध्ये नुकत्याच बाहेर पडलेल्या ७५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिन्यांनंतर ओढ कमी झाली होती ती जेमतेम २७ टक्के. म्हणजे दोन महिन्यांत "अजून तेच?" असं विचारण्यात अर्थ नाही.

टेकडीवरचा:
वरच्याशी सहमत. आता रोजचं बघू.

हुक्की लाटेसारखी येते, चढते आणि ओसरते. तेवढा वेळ काढता आला पाहिजे. फोन करावासा वाटला की अर्धा तास थांबायचं, हे दिवसाउजेडीच ठरवून ठेवा. त्या अर्ध्या तासात जे त्याला सांगायचंय ते कागदावर लिहायचं, पाठवायचं नाही. रात्रीची वेळ वाईट असते, तेव्हा घरातल्या एकाने जागं राहावं. उपदेश नको, नुसतं बसायचं.

दुसरं, वही. डावीकडे चांगला दिवस, उजवीकडे त्याच्या आधीच्या दोन दिवसांत काय झालं ते. तारीख, त्याचे नेमके शब्द, कुठे लागलं. "तो फार वाईट वागायचा" असं मोघम लिहिलं तर उपयोग शून्य, कारण हुक्की आली की मोघम वाक्य लगेच खोडता येतं. महाबळेश्वरच्या आदल्या आठवड्यात काय झालं होतं, ते विचारून बघा. तिचं तिलाच लिहू द्या, तुम्ही सांगून लिहवून घेऊ नका.

आणि तिचा फोन काढून घेऊ नका. कळकळीने का असेना, तिथे जे होत होतं तेच इथे होईल. "परत गेलीस तर या घरात पाऊल टाकू नकोस" हे तर अजिबात नको. कितीतरी जणी कायमच्या बाहेर पडण्याआधी एकदा तरी परत जातात. तेव्हा तुमचं दार बंद असेल तर तिला त्याच्याशिवाय कोणी उरत नाही.

कोथरूडची_ताई:
सासूबाईंचे साताऱ्याहून फोन येतात. "त्याला ताप आहे, चार मोठी माणसं बसून मिटवू." बैठकीला जावं का?

पर्वतीपायथा:
नको. मार खाल्लेली बाई त्याच्यासमोर खरं बोलत नाही, बोलली तर घरी गेल्यावर किंमत मोजते. दोघांना एकत्र बसवून केलेलं समुपदेशनही याच कारणाने टाळतात. तापाचा निरोप हाही संपर्कच. सासूबाईंचे फोन तुम्ही घ्या, "निरोप पोचवणार नाही" एवढंच सांगा.

एक मात्र तिला नीट विचारा: कधी गळा दाबला होता का? असेल तर जिवाचा धोका बराच वाढलेला आहे, आणि घर सोडल्यानंतरचा काळच जास्त जोखमीचा. पुन्हा तसं झालं तर वरून वळ नसला तरी लगेच दवाखान्यात न्या, आतली सूज नंतर चढते. तातडीला ११२.

शिवाजीनगर_कोर्ट:
संपर्क बंद ठेवायला कायद्याची मदत आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक आणि आर्थिक छळही येतो. कलम १८ च्या आदेशाने त्याला फोन, मेसेज, भेट सगळं मना करता येतं, कलम २३ खाली अंतरिम आदेश मिळू शकतो. मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "वाकड पिंपरी-चिंचवड पोलिसांकडे, मग अर्ज तिकडेच" असं कोणी सांगेल. तसं नाही. कलम २७ प्रमाणे ती तात्पुरती राहते तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो. याच कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल भरून देतात. वकिलाचा खर्च नको असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. सल्ल्यासाठी महिला हेल्पलाइन १८१.

मेसेज डिलीट करू नका. चॅट एक्स्पोर्ट करून तुमच्याकडे ठेवा आणि मूळ फोन सांभाळा, कोर्टात डिजिटल पुराव्याला प्रमाणपत्र जोडताना लागतो.

टेकडीवरचा:
त्याच फोनमध्ये व्हॉट्सअॅपचे लिंक्ड डिव्हाइसेस, गुगल मॅप्सचं लोकेशन शेअरिंग आणि जीमेलचा रिकव्हरी नंबर तपासा, तिथून तो नजर ठेवू शकतो. सिम त्याच्या नावावर असेल तर नवं घ्या, पण बँकेत नंबर बदलल्याशिवाय जुनं बंद करू नका, नाहीतर ओटीपी अडकतील. पगाराचं खातं एकटीच्या नावाचं करा.

दचकणं, वाईट स्वप्नं, त्याच प्रसंगाचं पुन्हापुन्हा डोळ्यासमोर येणं महिन्याहून जास्त टिकलं तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं.