एसजीपीटी १४२, आणि शेजारच्या काकूंनी दिलेली लाल फळं

सूझौकर:
नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त तीन वर्षं चीनमध्ये, सूझौला आहे. गेल्या महिन्यात एसजीपीटी (यकृतातलं एन्झाइम, रक्तात मोजतात ते) १४२ आलं, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, ग्रेड २. दारूला हात लावत नाही, पण वजन ९१ आणि जेवायला रोज रात्रीचे दहा वाजतात. शेजारच्या काकूंनी कागदाच्या पुडीत सुरकुतलेली, काळपट लाल फळं आणून दिली. नाव 'वू वेई त्झ'. उकळून प्यायलो तर आमसुलाच्या सारासारखं आंबट, बी चावली तर कडू आणि झणझणीत. त्यांच्या यजमानांच्या काविळीत याच्याच चूर्णाने आकडे उतरले म्हणे. आई फोनवर म्हणते कुटकी घे, भुईआवळी घे. या फळाने यकृत खरंच वाचतं का?

मेघना_औषधशास्त्र:
दादा, मी शेनयांगला शिकले, हे फळ तिकडचंच, ईशान्य चीनचं. नावाचा अर्थ पाच चवींचं. सरांनी वर्गात एकेक फळ हातावर ठेवलं होतं: साल-गर आंबटगोड, बी तिखट-कडू, आणि सगळ्यालाच खारट झाक.

काकूंचं म्हणणं खोटं नाही. १९७०च्या दशकात तिकडच्या डॉक्टरांना दिसलं की हिपॅटायटिसच्या रुग्णांना या बियांचं चूर्ण दिलं की एसजीपीटी उतरतं. मग बीजिंगमध्ये लिऊ गंगताओ आणि सहकाऱ्यांनी बियांतले लिग्नान (वनस्पतींतली एक प्रकारची रसायनं) वेगळे केले. कार्बन टेट्राक्लोराइड हे विषारी रसायन देऊन यकृत बिघडवलेल्या उंदरांना या लिग्नाननी वाचवलं, कारण पेशींचं रक्षण करणारं ग्लुटाथायोन टिकून राहतं आणि विषारी घटकांचा मारा बोथट होतो. त्यातल्याच एका लिग्नानच्या धर्तीवर बायफेंडेट आणि पुढे बायसायक्लॉल ही औषधं बनली. चीनमध्ये ती आजही लिहून देतात.

पण मला काळजी वाटते ती पुढची. बायफेंडेट बंद केलं की बऱ्याच जणांचं एसजीपीटी पुन्हा चढतं. दुखावलेल्या पेशींतून ते रक्तात पाझरतं. आकडा उतरला म्हणजे आतली चरबी गेली असं नाही. थर्मामीटर झटकल्याने ताप जात नाही ना, तसंच. तुमचं मूळ दुखणं त्या ९१ किलोंत आणि दहाच्या जेवणात आहे. सहा-सात किलो उतरवलेत तर यकृतातली चरबी नक्की हलेल. आणि कुटकी, भुईआवळी, वू वेई त्झ एकदम सुरू करू नका, हात जोडून सांगते. काही बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळणार नाही.

बाबा_सांगलीकर:
आणखी एक. माझ्या धाकट्या भावाचं मूत्रपिंड बदललंय, शरीराने ते नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमसची गोळी चालू आहे. कुणीतरी हेच फळ चहात घालून दिलं. पंधरा दिवसांत हात इतके थरथरायला लागले की कपातला चहा बशीत सांडायचा. रक्तातली पातळी फार वर गेली होती. हे फळ त्या गोळीचा निचरा रोखतं. दुसऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

मेघना_औषधशास्त्र:
बाबा, अगदी बरोबर. तिकडचे डॉक्टर टॅक्रोलिमस कमी मात्रेत पुरावं म्हणून याच्या दक्षिणेकडच्या भाईबंदाची कॅप्सूल मुद्दाम देतात, पण रक्त तपासत तपासत.
दादा, आणखी काही घेताय का? केस काळे करायला 'हो शोउ वू' ही चिनी मुळी वगैरे? त्याने यकृताला सूज आल्याच्या बऱ्याच नोंदी आहेत.

सूझौकर:
ताई, तेही घरात आहे, ऑफिसातल्या एकाने दिलेलं. दोन महिने रोज सकाळी एक चमचा घेतोय. एसजीपीटी तपासण्याआधीपासून. आजपासून दोन्ही बंद. गुरुवारची वेळ मिळाली आहे, दोन्ही पुड्या डॉक्टरांना दाखवायला नेतो.