‘तोरागाशिदा’ : मरणाला ‘परत जाणं’ म्हणायचं कसं?

न्यू जर्सीत पॅलिसेड्स पार्कला आमच्या शेजारी एक कोरियन कुटुंब राहतं. त्यांच्याकडचे आजोबा गेल्या महिन्यात वारले. माझी आई दरवर्षी गणपती झाले की इथे येते, तेव्हा ती आणि आजोबा मागच्या पायरीवर बसून असायचे. दोघांना एकमेकांची भाषा यायची नाही. आजोबा त्यांच्याकडची ती मोठी गोल नासपती सोलायचे. साल कुठेही न तुटता एकसलग खाली उतरायची, आणि पहिली फोड आईच्या हातावर. त्यांच्या मुलाने चर्चमध्ये वाचलेलं मनोगत आईला मराठीतून हवं आहे. तो एकेक वाक्य समजावून सांगतो, मी लिहून घेते. आणि पहिल्याच वाक्याशी अडले आहे.

वाक्य असं : ‘उरी आबोजी तोरागाशोत्ता.’ उरी म्हणजे आमचे, आबोजी म्हणजे वडील. ‘तोरागादा’ म्हणजे परत जाणं, आणि त्यात आदरार्थी ‘शि’ घातला की ‘तोरागाशिदा’, म्हणजे वडीलधारं माणूस वारणं. मरण्याला ‘चुक्ता’ असा सरळ शब्दही आहे, पण तो आईवडिलांसाठी कुणी वापरत नाही.

आता आजोबांचं आयुष्य पाहा. जन्म उत्तरेतल्या हुंगनामचा. डिसेंबर १९५० मध्ये कोरियन युद्धात त्या बंदरातून सुमारे एक लाख नागरिक जहाजांनी दक्षिणेला नेले, त्यात नऊ वर्षांचे हे, काकांचा हात धरून. आई मागे राहिली. १९५३ च्या युद्धविरामानंतर सीमा बंद झाली ती झालीच. पुढे सत्तरच्या दशकात अमेरिका, ड्राय क्लीनिंगचं दुकान, सोमवार ते शनिवार वाफ आणि इस्त्री, रविवारी चर्च. ‘एकदा परत जाईन’ म्हणताना ते हेच क्रियापद वापरायचे, असं मुलगा सांगतो. मनोगतात ते दोनदा येतं, एकदा त्यांच्या तोंडी आणि एकदा त्यांच्याविषयी. मराठीत ‘गेले’ लिहिलं की यातलं सगळंच गळून पडतं.

प्रतिसाद

ताई, ‘परतले’ नको. मराठीत त्याने मरण कळतच नाही, वाचणाऱ्याला वाटेल आजोबा कोरियाला गेले. ‘स्वगृही परतले’ तर आता बातम्यांतल्या पक्षांतरासाठीच उरलंय. ‘निजधामास गेले’ जवळचं आहे, पण पत्रिकेवरचं वाटतं. वारकऱ्यांच्या बोलण्यात मरण म्हणजे आपल्या गावाला जाणं. मला तिथेच काहीतरी सापडेल असं वाटतं.

प्रतिसाद

मी पुण्यात कोरियन शिकवते. चर्चच्या पत्रकात बहुधा ‘तोरागाशिदा’ नसेल, ‘सोचॉन’ असेल. हा तिथल्या प्रोटेस्टंट मंडळींचा शब्द, अर्थ ‘स्वर्गाचं बोलावणं’. त्यावरून कोरियनांमध्येच वाद आहे : माणूस ‘सोचॉन करतो’ कसं म्हणायचं? बोलावणारा देव, माणसाला फक्त बोलावणं येतं. म्हणून ‘सोचॉन मिळालं’ म्हणा, असं काहीजण बजावतात. आपल्या ‘देवाज्ञा झाली’मध्ये ही अडचणच येत नाही, कारण तिथे क्रिया आज्ञेची आहे. मला ही रचना फार आवडते.

पण ताई, मुलाने ‘सोचॉन’ सोडून घरचा शब्द घेतला असेल तर तो मुद्दामच. तुम्हीही घरचाच शोधा. आणि एक विचारून पाहा : हुंगनामहून निघताना आजोबा त्यांच्या आईला काय म्हणाले होते? कोरियन मुलं घराबाहेर पडताना ‘तान्यो ओगेस्सुम्निदा’ म्हणतात. शब्दशः ‘जाऊन येतो’.

प्रतिसाद

म्हणजे आपल्यासारखंच. आमच्या घरी ‘जातो’ म्हटलं की आजी उंबऱ्यावरून मागे बोलवायची आणि ‘येतो’ म्हणायला लावायची.

मूळ विचारणा करणारीकडून

विचारलं. ते तेच म्हणाले होते. मनोगताच्या दुसऱ्या पानावर ते आहे, मी तिथवर पोचलेच नव्हते. त्यांच्या आईने लोकरी टोपी कानांवर ओढून दिली आणि हे म्हणाले, ‘जाऊन येतो.’ मुलाने हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघंही बराच वेळ गप्प होतो. माझे वडील गेले तेव्हा मी इथेच होते, विमानात बसायच्या आत सगळं आटोपलं होतं. शेवटच्या फोनवर मी त्यांना ‘येते’ म्हणाले होते.

तर वाक्य असं केलंय : ‘जाऊन येतो म्हणून निघालेले बाबा मंगळवारी पहाटे आपल्या गावी गेले.’ ‘परत’ हा शब्द नाही, तरी परत जाणं आहे. ‘जाऊन येतो’ मी दुसऱ्या पानावरून आधी आणलं, मुलाला विचारून.

काल आईला फोनवर वाचून दाखवलं. तिने एकच दुरुस्ती सांगितली : नुसतं ‘बाबा’ नको, ‘आमचे बाबा’ लिही. मुलगा एकुलता एक आहे, म्हणून मी ‘उरी’ गाळला होता. पण कोरियनमध्ये एकुलतं एक मूलही ‘माझे’ म्हणत नाही, ‘उरी’च म्हणतं, आणि आपणही चारचौघांत ‘आमचे वडील’च म्हणतो. अंत्यविधीला सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हटली, ‘हानुरे केशिन उरी आबोजी’, तेव्हाही तेच दोन शब्द माझ्या कानावर पडले होते. ‘आमचे’ घातलं आहे.