रॅकच्या आधी ऑइलची टाकी बघा
जुन्या गाडीचं ऑइलवर चालणारं पॉवर स्टिअरिंग पार्किंगमध्ये जड होतं आणि वळवताना घुंऽऽ आवाज येतो, एवढ्यावरून मेकॅनिक थेट रॅक (स्टिअरिंग फिरवल्यावर चाकं वळवणारा भाग) बदला म्हणतोय? जरा थांबा. इंजिन चालू ठेवून पॉवर स्टिअरिंगच्या ऑइलच्या टाकीचं झाकण उघडा. ऑइलवर ताकासारखा फेस असेल तर हवा शिरतेय. बहुतेकदा टाकीकडून पंपाकडे जाणाऱ्या पाइपची क्लिप ढिली नाहीतर ओ-रिंग (जोडावरची रबरी कडी) कडक झालेली असते. तिथे पंपाची ओढ असते, त्यामुळे ऑइल बाहेर न येता हवाच आत जाते. खाली डाग शोधून उपयोग नाही. फेस नाही, पण रेस दिल्यावर स्टिअरिंग हलकं होतंय? मग आधी पंप फिरवणारा बेल्ट बघा, नंतर पंप. आणि हो, पुढच्या टायरांची हवा तपासलीत ना?