वढवाण्याचे लिटल स्टिंट इथेच अंडी का घालत नाहीत?

प्रश्न: हिवाळाभर गुजरातेतल्या वढवाणा तलावाच्या काठी चिखल टोचत फिरणारे हे चिमुकले पक्षी उन्हाळ्यात थेट सैबेरिया का गाठतात? खायला तर इथेही आहे.

उत्तर: सगळं गणित पिलांचं. सैबेरियाच्या टुंड्रात, म्हणजे तिथल्या झाडं नसलेल्या गोठलेल्या मैदानात, जूनमध्ये बर्फ वितळलं की डास-माश्यांचा सुकाळ, वर चोवीस तास उजेड. पिलं जन्मतःच स्वतः टिपून खातात, त्यांना भरवायला कोणी नसतं. बर्फ लवकर वितळलं तर किड्यांचा बहर आधीच ओसरतो आणि पिलांची उपासमार होते.

आणि इथे जगायला त्यांना ओला चिखल किंवा जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर पाणी लागतं. तलाव तुडुंब असेल तर शोधत बसू नका. पाय काळे म्हणजे लिटल स्टिंट, पिवळसर म्हणजे त्याचा भाऊबंद टेमिंक्स स्टिंट, दोघेही उत्तरेकडचेच.